उस्ताद उमर यांचा गंधार

“समई मिळाली,” कुंटे म्हणाले. “थकील कुठे मिळते?”

ते इंदुताईंच्या दारात उभे होते आणि त्यांच्या काखेत कमरेएवढी पितळी समई होती. इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. कुंटे आमचा कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते संगीताची सेवा करत होते आणि संगीत ती निमूटपणे सहन करत होतं.

“कसली समई?” मी विचारलं.

“तुम्हीच लिहून पाठवलंत की. पहिला आयटम, समाई थकील. मी म्हटलं, परदेशी कलाकार आहेत, त्यांच्यात काही विधी असेल. घरातली उचलून आणली. थकील काय ते कळेना. आमची ही म्हणाली, तेलाचा प्रकार असेल.”

“कुंटेसाहेब, समाई हा अरबी वादनाचा प्रकार आहे. दहा मात्रांचा. थकील म्हणजे जड, संथ.”

कुंट्यांनी समई खाली टेकवली. “मग तसं लिहायचं ना,” ते म्हणाले. “माझी पाठ गेली.”

“दहा मात्रा म्हणजे झपताल,” आतून दिगू काशीकर म्हणाला.

दिगू आमचा तबलजी. हे वाक्य तो पहिल्या तालमीपासून म्हणत होता. सिनान, ज्याची ती समाई होती, तो दर वेळी शांतपणे मांडीवर थापा मारून दाखवायचा, की दहा खरे, पण तीन-चार-तीन. दिगू म्हणायचा, तीन-चार-तीन काय आणि दोन-तीन-दोन-तीन काय, बेरीज दहाच. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. बेरीज बरोबर येऊनही माणसांचं एकमेकांशी जमत नाही, हे मला नवीन नव्हतं. पण संध्याकाळी तरी त्यातून सुटका व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

या गोष्टीला पंधराएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा दिवसा शिकवायचो आणि शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या लॉबीत जॅझ पियानो वाजवायचो. लोक खोलीची किल्ली घेता घेता मला ऐकत. सिनान मोसुलचा. औषधनिर्माणाची पदवी घ्यायला पुण्यात आला, तोवर तिकडे युद्ध झालं, म्हणून इथेच पुढची पदवी घेऊ लागला, आणि युद्ध संपेना म्हणून त्याच्याही पुढची. तो ऊद वाजवायचा. मोठ्या पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट ठेवाल तिथे सूर. मराठी त्याला घरमालकिणीने शिकवली होती, तीही भाडेकरूला लागेल तेवढीच. ‘नळ बंद करा’ हे तो अस्खलित म्हणायचा.

राहिल्या इंदुताई शेवडे. त्यांच्याबद्दल पुण्यात सांगावं लागत नाही, पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. ख्यालगायिका. त्यांचा गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, प्रसिद्ध होता. लोक इंदुताईंचं गाणं ऐकायला जात नसत, इंदुताईंचा गंधार ऐकायला जात. यमनात त्या गंधारावर येऊन उभ्या राहिल्या की माणसं खुर्चीत सरळ होऊन बसत, जणू नाव पुकारलं आहे.

तो गंधार अलीकडे खाली बसायला लागला होता. लागताना जागेवर लागायचा, पण थांबला की केसाकेसाने उतरायचा. सत्तरी जवळ आली की श्वास पुरत नाही, त्याला कोण काय करणार. ही गोष्ट पुण्यात सगळ्यांना माहीत होती आणि कोणीही ती बोलत नव्हतं. पुण्यात अशी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

अशा इंदुताईंनी एका सकाळी मला फोन केला. याआधी त्यांचा-माझा संबंध इतकाच, की एका मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, “फ्यूजन म्हणजे दोघांनाही येत नाही ते दोघांनी मिळून करणं,” आणि शेजारच्या फोटोत मी होतो.

“डबीर, तुमच्याकडे तो अरब आहे ना? परवा वाजवत होता तो.”

“सिनान. हो, ताई.”

“तो मधला गंधार वाजवतो. कोमल नाही, शुद्ध नाही.”

“त्यांच्यात असतो तो स्वर. रास्त म्हणून त्यांचा राग आहे, त्यात कोमल आणि शुद्धच्या बरोबर मध्ये—”

“मला व्याख्यान नको. मी त्याच्याबरोबर गाणार आहे. कार्यक्रम ठरवा.”

फोन बंद. मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, कोणीतरी आवाज काढून चेष्टा केली असेल.

दुपारपर्यंत मला आनंद झाला आणि संध्याकाळपर्यंत भीती वाटायला लागली. इंदुताई मंचावर आल्या की सभागृह भरणार. भरलेल्या सभागृहात तो गंधार बसला, तर पुणं काही इंदुताईंचा सूर गेला असं म्हणणार नाही. ते डबीरने घालवला म्हणेल. आयुष्यभराचं त्यांचं नाव, आणि ते माझ्या कीबोर्डाशेजारी बुडणार.

कुंट्यांनाही तेच वाटत होतं. समईच्या दिवशी मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो, तर ते दोन पायऱ्या उतरून थांबले.

“डबीर, ते… त्याचं कसं?”

“कशाचं?”

“तुम्हाला माहीत आहे कशाचं.”

“मला काही माहीत नाही.”

“मलाही नाही,” कुंटे म्हणाले. “पण सांभाळून घ्याल ना?”

“काय सांभाळून घ्यायचं तेच माहीत नसताना कसं सांभाळू?”

“तेही खरंच,” असं म्हणून ते उतरून गेले. समई इंदुताईंच्या दारात तशीच.

तालमी इंदुताईंच्या घरी, कारण त्या बाहेर जात नसत. म्हणजे माझा कीबोर्ड रोज तिसऱ्या मजल्यावर चढणार आणि उतरणार. तिथे ठेवून जायची सोय नव्हती. “पेटी घरात नको,” ताई म्हणाल्या. त्या माझ्या कीबोर्डाला पेटी म्हणत. त्यांच्या तोंडी ती शिवी होती.

प्रत्येक तालमीची सुरुवात त्यांच्या शिष्येला हाकलण्याने व्हायची. अनघा शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, आणि ताईंची हुबेहूब नक्कल. नक्कल म्हणजे चेष्टेने नव्हे, श्रद्धेने. ताई पदर खोचत तशी ती ओढणी खोचायची. ताई गाण्याआधी दोनदा खाकरत, तर हिचा तरणा गळा स्वच्छ असताना हीसुद्धा दोनदा खाकरायची. ताईंना गुडघ्याचा त्रास म्हणून त्या पाय बाहेर काढून बसत, तर ही वीस-बावीसची मुलगी तसाच पाय काढून बसलेली.

“अनघा, तंबोरा घे आणि आतल्या खोलीत बस. दार लाव.”

“ताई, पण तालमीला तंबोरा—”

“यांच्यात तंबोरा नसतो. तू आत बस, जुळव, आणि गंधार लाव. दुसरं काही गायचं नाही. इकडचं काही कानात घ्यायचं नाही.”

“मला ऐकायचंय ताई तुमचं.”

“खूप ऐकलंस.”

मुलगी डोळे पुसत आत जायची. दार लागायचं. दिगू माझ्याकडे बघायचा, मी सतरंजीकडे बघायचो. ख्याल गाणारी बाई तंबोरा नको म्हणते, हे म्हणजे आचाऱ्याने चूल नको म्हणण्यासारखं. पण त्याचं कारण मला कळलं होतं, किंवा कळलं असं मला वाटत होतं. तंबोरा नीट जुळला की त्यात एक गंमत होते. तारा सगळ्या सा आणि प या स्वरांच्या, पण त्या एकमेकींत मिसळल्या की कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. गाणाऱ्याने आपला गंधार त्यावर नेऊन ठेवायचा. ज्याचा खाली येतो, त्याची चहाडी तंबोराच करतो. म्हणून तंबोरा आत, दार बंद. मला त्यांची कीव आली, आणि पोरीला उगीच रडवतात म्हणून रागही आला.

मग माझी पाळी.

“डबीर, तुमच्या वाजवण्यातून गंधार काढा.”

“ताई, कॉर्डला गंधार लागतो. कॉर्ड हसरी की रडकी ते त्यावरूनच कळतं.”

“मग नका कळू देऊ.”

“पण मग मी वाजवू काय?”

“तो तुमचा प्रश्न आहे,” असं म्हणून त्या खाकरल्या. आतल्या खोलीतून खाकरण्याचा प्रतिध्वनी आला.

मी गंधार काढला. जॅझमधून तो काढला की उरतं ते साधारण गणपतीच्या बँडमधली निम्मी माणसं परगावी गेल्यावर उरेल तसं असतं. त्यात माझा कीबोर्ड. पांढरी पट्टी आणि काळी पट्टी, मधे काही नाही. सिनानचा स्वर बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या फटीत राहायचा. मी दोन्हींतली कुठलीही दाबली तरी दोघंही माझ्याकडे वळून बघत, एक मोसुलहून आणि एक पुण्याहून, पण चेहरा तोच.

आणि मग ती दोघं रास्त सुरू करायची.

ताई आलाप घेत वर यायच्या, गंधाराला हात लावायच्या, थांबायच्या, गंधार खाली बसायला लागायचा, आणि तो बसत बसत एका जागी आला की सिनान मान मागे टाकून म्हणायचा, “अल्लाह.”

ताई गाणं थांबवायच्या. रोज.

“हा मधेच का ओरडतो?”

“ती दाद आहे, ताई. आपली वाहवा तशी.”

“वाहवा सूर लागल्यावर द्यायची असते.”

“लागलाय म्हणूनच तर,” मी म्हणालो, आणि बोलून गेल्यावर कीबोर्डाची वायर तपासू लागलो.

“लागलाय?” त्यांनी विचारलं.

“त्याच्या हिशेबाने.”

“हं,” ताई म्हणाल्या. “याच्या हिशेबाने.” मग सिनानकडे वळून, “फिर से.”

“ताई फार छान गातो,” सिनान म्हणाला.

“गाते.”

“गाते,” सिनानने मान डोलावली. “मी पण गाते.”

दिगू म्हणाला, “यापेक्षा झपताल सोपा आहे.”

कार्यक्रमाच्या आदल्या तालमीत सिनानने ऊद खाली ठेवला आणि मांडी सावरून बसला. महत्त्वाचं बोलायचं असलं की तो घरमालकिणीसमोर बसल्यासारखा बसायचा.

“ताई, एक विचारायचा आहे. तुमचा हा गंधार कैरोचा नाही. इस्तंबूलचा नाही, तिकडे तो थोडा वर. हा आमचा आहे. मोसुलचा. माझा आजोबा असाच वाजवायचा. आता तिकडे कोणी असा वाजवत नाही, सगळे रेडिओचा वाजवतात. मी पण विसरला होतो. इथे येऊन ऐकला.” तो थोडा थांबला. “तुम्हाला कोणी शिकवला?”

दिगूने उगीच तबल्यावर हातोडी मारली. आतल्या खोलीतून अनघाचा तंबोरा बारीक ऐकू येत होता.

“वो हमको उमर ने सिखाया,” ताई म्हणाल्या. सिनानशी त्या त्यांच्या हिंदीत बोलत. त्या हिंदीत उम्र नव्हती, उमर होती.

सिनानचा चेहरा उजळला. “उमर? उस्ताद उमर?”

उम्र हा शब्द मुळात त्याच्याच भाषेतला, वयालाच म्हणतात. पण ताईंच्या उच्चारात त्याचं उमर झालं, आणि उमर हे माणसाचं नाव असतं. त्याच्या सख्ख्या काकाचं होतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

“इराकी आहे?” सिनानने विचारलं.

“नाही. इथलेच.”

“आहे अजून?”

“आहेत तर. माझ्याकडेच मुक्कामाला आहेत. जायचं नाव घेत नाहीत.”

सिनानने घरात इकडेतिकडे पाहिलं. “मला भेटव.”

“तुलाही भेटतील,” ताई म्हणाल्या. “घाई नको करूस.”

दिगू एकदम पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आला नाही.

तालीम संपली. मी कीबोर्ड पिशवीत घातला, चेन नेहमीसारखी अडकली. सगळे पुढे गेल्यावर मी दारात रेंगाळलो.

“ताई, म्हणजे तुम्हाला—”

“डबीर, मी बेसूर झाले असेन. बहिरी नाही झाले.”

जिन्यात खालच्या मजल्यावरचा कुकर वाजत होता. मी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

“मग हा कार्यक्रम कशाला करायचा, ताई? उगीच लोकांसमोर—”

“तुम्हाला नको आहे का?”

“तसं नाही.”

“मग पेटी उचला आणि निघा. आणि ती समई घेऊन जा. दोनदा अडखळले मी.”

अशा रीतीने एका खांद्यावर कीबोर्ड आणि दुसऱ्या काखेत समई घेऊन मी तीन मजले उतरलो. त्यांना माहीत होतं. पुण्याला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. तरी त्या चालल्या होत्या भरलेल्या सभागृहात बसून तोच एक सूर लावायला. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला टाळ्यांची भूक लागते ती ही. इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होतो. आता वाटलं, हट्टी असत्या तर बरं झालं असतं.

कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडल्या. कुंट्यांनी पाठ दुखवून घेतलेली असल्यामुळे समई मंचावर लावलीच. पहिल्या रांगेत मधोमध नानासाहेब ओगले. इंदुताईंची पहिली बैठक झाली तेव्हापासून हे गृहस्थ त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत बसत आले होते. आता त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले की शेवटच्या रांगेला कळायचं.

समाई झाली. दिगूने तीन-चार-तीनच वाजवलं, फक्त चेहरा झपतालाचा ठेवला. मग सिनानने माइक ओढला. मी त्याला बोलू नकोस असं सांगितलं होतं. घरमालकिणीने मात्र, चार लोकांत दोन शब्द बोलावेत, असं सांगितलं होतं.

“नमस्कार. आता रास्त. तुम्ही ताईचा गंधार ऐका. हा गंधार फार जुना आहे. तिकडे आता मिळत नाही. ताईला तो पुण्याच्या मोठ्या उस्तादांनी शिकवला. उस्ताद उमर.”

मी कीबोर्डाखाली शिरता येईल का ते पाहत होतो. पण मी माझ्याच गावाला ओळखलं नव्हतं. आपल्याला माहीत नसलेला उस्ताद पुण्यात होऊन गेला, हे त्या सभागृहातल्या एकाही माणसाला मान्य होण्यासारखं नव्हतं. ओगल्यांची मान आधी हलली.

“उमरखाँ,” ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. “ऐकलंय मी. फार थोडी माणसं उरलीत आता ऐकलेली.”

“मिरजेला असत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“शेवटी शेवटी. आधी पुण्यातच.”

इंदुताईंनी माइक आपल्याकडे घेतला. चेहऱ्यावर काही नाही.

“हे म्हणतात ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण एक सांगते. हा गंधार आमचा नाही. परका आहे. यांच्या रागापुरता मी घेतलाय. आमच्यापैकी कोणी तो उचलू नये.”

बोलताना त्या लोकांकडे बघत नव्हत्या. डावीकडे, विंगेत बघत होत्या. तिथे अनघा तंबोरा मांडीवर घेऊन बसली होती. तो लागणार नसताना तिला तो आणायला का लावला, हे मी सकाळी विचारलं होतं आणि ‘तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर मिळवलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परंपरेची शिस्त म्हणून.

मग त्या गायल्या. मला हे सांगायला फारसं आवडत नाही, कारण त्या तालमींत माझं वजन कमी झालं होतं, पण ते गाणं चांगलं झालं. फार चांगलं. गंधारावर त्या आल्या, थांबल्या, सूर उतरायला लागला, आणि खाली सिनानचा ऊद त्याची वाट बघत बसलेला होता. तो तिथे येऊन टेकला. त्यात पडणं नव्हतं. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाने बसावं तसं होतं. सिनान म्हणाला, “अल्लाह.” आणि मी शपथेवर सांगतो, पहिल्या रांगेतून नानासाहेब ओगलेही म्हणाले, “अल्लाह.”

संपल्यावर माणसं उभी राहिली. कुंटे आभाराचा कागद घेऊन मंचाकडे निघाले होते. मला वाटलं, सुटलो.

“इंदुताई,” ओगले खालून म्हणाले, “आता आपला यमन होऊन जाऊ दे. आपल्या गंधाराचा.”

टाळ्या आणखी वाढल्या. मागून लोक यमन, यमन म्हणू लागले. कुंटे जागच्या जागी थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यमनात रास्त नाही, ऊद नाही, उमरखाँ नाहीत. तिथे गंधार एकच असतो आणि तो कुठे असतो ते सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी ताईंच्या कानाशी वाकलो. “गळा बसलाय म्हणून सांगू?”

“तुम्ही गप्प बसा,” असं म्हणून त्यांनी माइक घेतला. “यमन अनघा म्हणेल.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. विंगेत मुलगी दगड झाली. ताईंनी तिला बोटाने बोलावलं, शेजारची जागा दाखवली, आणि स्वतः मागे सरकून माझ्या कीबोर्डाला टेकल्या. अनघाने तंबोरा उभा धरला. एकच खुंटी तिने दोनदा पुढेमागे पिळली.

“ताई, घाबरली आहे ती,” मी हळूच म्हणालो.

“घाबरू दे. दिवाळीपासून माझा गंधार घ्यायला लागली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे खालचा. तंबोरा कानाशी वाजत असताना. माझा जिथे येतो तिथे नेऊन ठेवायची. बरोब्बर.”

मला पाय काढून बसलेली अनघा दिसली.

“मग सांगायचं ना तिला.”

“काय सांगू? गुरू चुकतो? तिने ऐकलं नसतं. तंबोरा चुकतो म्हणाली असती.”

“आणि आता?”

“आता तो उमरखाँचा आहे,” ताई म्हणाल्या. “माझा नाही.”

तंबोरा जुळला. अनघाने डोळे मिटले. नि, रे, आणि गंधारावर आली. लागला. थांबला. आणि मग सवयीने तो वाकायला लागला, अगदी केसभर, ओळखीच्या वाटेने. तिने डोळे उघडून ताईंकडे पाहिलं. ताई तिच्याकडे बघतच नव्हत्या. डोळे मिटून बसल्या होत्या. बघायला कोणी नाही म्हटल्यावर मुलीने कान तंबोऱ्याला लावला, आणि गंधार होता तिथून वर आला आणि उभा राहिला. बारीक, कोवळा, अजून त्याला अंग नव्हतं. पण हलत नव्हता.

ओगले शेजाऱ्याच्या कानाशी वाकले.

“पोरीचा गळा बरा आहे,” ते म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. “पण गंधार बाईंसारखा नाही लागत.”

अनघाचा सूर तुटला. मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर कीबोर्ड टाकावासा वाटला. उचलायची सवय झालीच होती. पण तिने पुन्हा सूर धरला, आणि तो होता तिथेच धरला.

“काय म्हणाले ओगले?” इंदुताईंनी डोळे न उघडता विचारलं.

“काही नाही, ताई.”

“नीट सांगा.”

“म्हणाले, गंधार तुमच्यासारखा नाही लागत.”

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोटांनी ताल धरला.

“नाही ना?” त्या म्हणाल्या. “झालं तर मग.”